देव खरंच असेल, तर मेल्यानंतरच्या आयुष्यासाठी नीतीने वागण्याला काही अर्थ आहे का?

तुम्ही दोन प्रश्न एकाच गाठोड्यात बांधलेत. देव आहे म्हटलं की मेल्यावर हिशेब होणारच, असं आपण धरून चालतो. पण येशूच्या काळातले सदूकी पंथाचे ज्यू देवाला मानत आणि मेलेल्यांचं पुनरुत्थान साफ नाकारत. उलट जैन दर्शनात जगाचा निर्माताच नाही, तरी कर्माचा हिशेब मात्र कुणाला चुकत नाही. तेव्हा नुसतं 'देव असेल तर' एवढ्यावर काही ठरत नाही. देव कसा आहे, यावर सगळं आहे.

ब्रह्मसूत्रं या वेदान्ताच्या मूळ ग्रंथातला देव घ्या. जगात कुणी सुखी, कुणी दुःखी, मग देव पक्षपाती आणि निर्दयच म्हणायचा, असा आक्षेप तिथे आहे. त्यावर उत्तर असं, की तो ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे फळ देतो. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात: पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, भात उगवणार की जव, हे बियाण्यावर. अशा देवापुढे वागणुकीला महत्त्व असणारच. ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचं मत वेगळं. तारण, म्हणजे पापातून सुटका, श्रद्धेने मिळतं, सत्कर्मांनी ते कमावता येत नाही. (म्हणून मोकाट वागा, असं मात्र तोही म्हणत नाही.)

अजामिळाच्या गोष्टीचा मला लहानपणी फार राग यायचा. जन्मभर पापं केली, मरताना 'नारायण' नावाच्या मुलाला हाक मारली आणि सुटला! भागवताच्या सहाव्या स्कंधातली मूळ कथा पुढे वाचली, तेव्हा कळलं की तो त्या क्षणी मरतच नाही. यमदूत आणि विष्णुदूतांचा वाद त्याच्या कानावर पडतो, त्याला स्वतःची लाज वाटते, घरदार सोडून तो गंगाद्वारी जातो, साधना करतो आणि मग देह ठेवतो. गोष्ट सांगणारे नेमका हाच भाग गाळतात.

फक्त स्वर्गासाठी पुण्य जोडत असाल, तर गीता म्हणते की पुण्य संपलं की पुन्हा मृत्युलोकात यावं लागतं. म्हणजे व्यवहार म्हणूनही ते फारसं फायद्याचं नाही.

मला स्वतःला सगळ्यांत पटतं ते ज्यू परंपरेतल्या मिश्ना या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथाचं म्हणणं. माणसाने देवाचा अपराध केला असेल, तर ज्यूंच्या वर्षातून एकदा येणाऱ्या प्रायश्चित्ताच्या दिवशी तो धुतला जातो. माणसाचा केला असेल, तर आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते, तोवर तो दिवसही उपयोगाचा नाही. देव असला तरी दुसऱ्याच्या वतीने तो परस्पर माफी देऊन टाकणार नाही, असा मी याचा अर्थ घेतो. माझ्याकडून दुखावलेली अशी दोन-तीन माणसं आहेत. त्यांतलं एक आता हयात नाही.