‘डिफॉर्मेशन’ला विकृती म्हणावे का?

वेंगुर्ल्याच्या एका महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, त्यांना बी.एस्सी.च्या मुलांपुढे मराठीतून बोलायचे आहे. विषय आहे होलोमॉर्फिक व्हेक्टर बंडलांची डिफॉर्मेशन थिअरी आणि तिच्यातल्या बीजगणिती पद्धती. (व्हेक्टर बंडल म्हणजे पृष्ठाच्या प्रत्येक बिंदूवर एक सदिश अवकाश उभे केलेली रचना, होलोमॉर्फिक म्हणजे संमिश्र संख्यांच्या अर्थाने अवकलनीय, आणि डिफॉर्मेशन म्हणजे अशी रचना किंचित हलवणे.) ‘डिफॉर्मेशन’साठी सहकाऱ्यांपैकी एकाने ‘विकृती’ सुचवले, दुसऱ्याने ‘विरूपण’. दोन्ही शब्द त्यांना खटकतात. शिवाय ‘बंडल’ तसेच ठेवावे का, हेही त्यांनी विचारले आहे.

बाई, तुम्हाला खटकले ते योग्यच आहे, आणि त्याचे कारण खुद्द गणितात सापडते.

आधी ‘विकृती’. मुळात या शब्दात निंदा नाही. सांख्यांच्या प्रकृती-विकृतीत नाही, वेदपठणातल्या जटा, घन वगैरे आठ विकृतींतही नाही. गाणे शिकणारी मुले आजही कोमल आणि तीव्र स्वरांना विकृत स्वर म्हणतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पण शास्त्रांच्या बाहेरच्या मराठीत ‘विकृत’ हे विशेषण आता गुन्ह्याच्या बातमीत भेटते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांपुढे हा शब्द उच्चारला की पहिली पाच मिनिटे तो धुऊन काढण्यातच जातील. ‘विरूपण’ त्या मानाने बरा, पण त्यालाही विद्रूपतेचा वास आहेच. निवडणुका लागल्या की भिंती रंगवू नयेत म्हणून जे आदेश निघतात, त्यांत मालमत्तेचे ‘विरूपण’च असते. म्हणजे काहीतरी चांगले होते, ते बिघडले.

गणितात मात्र तसे बिघडत नाही. कित्येकदा नेमके उलटे होते, आणि हे दाखवणारे उदाहरण तुमच्या मुलांना फळ्यावर करून दाखवता येईल इतके सोपे आहे. रीमान गोलावरची (संमिश्र संख्यांच्या प्रतलाला एक अनंतबिंदू जोडला की मिळणाऱ्या गोलावरची) होलोमॉर्फिक व्हेक्टर बंडले कोणती, याचे पूर्ण उत्तर ग्रोथेन्डिक यांनी १९५७ मध्ये दिले: प्रत्येक बंडल हे रँक १ च्या, म्हणजे प्रत्येक बिंदूवर एकमितीय अवकाश असलेल्या, रेषा-बंडलांची बेरीज असते, आणि रेषा-बंडल एका पूर्णांकाने, त्याच्या अंशाने, ठरते. आता अंश १ आणि अंश −१ अशा दोन रेषा-बंडलांची बेरीज घ्या. गोलाच्या दोन तुकड्यांना जोडणाऱ्या मॅट्रिक्समध्ये कर्णावर ‘झ’ (गोलावरचा संमिश्र निर्देशक) आणि ‘१/झ’ असतात, बाकी शून्ये. वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या शून्याच्या जागी ‘ट’ ही संख्या ठेवा. ‘ट’ शून्य असेपर्यंत जुनेच बंडल हाती आहे. ‘ट’ किंचितही शून्यापासून हलला, की एक स्तंभक्रिया आणि एक ओळक्रिया करून ‘झ’ पूर्ण नाहीसा करता येतो. उरते ते अंश ० आणि अंश ० यांचे साधे, समतोल बंडल. (करून पाहाच. पहिल्या स्तंभातून दुसऱ्याची झ/ट पट वजा करायची, मग दुसऱ्या ओळीतून पहिलीची १/(झट) पट.)

म्हणजे ज्याला आपण विकृती म्हणणार होतो, तिने वाकड्याचे सरळ केले. उलट, या समतोल बंडलाला तुम्ही कितीही हलकासा धक्का द्या, ते तेच राहते. जे विशेष, योगायोगाने जुळून आलेले असते ते हलते. जे सर्वसाधारण असते ते टिकते. हा या विषयाचा गाभा आहे, आणि हानी सुचवणारा कोणताही शब्द नेमका तोच झाकून टाकतो.

मग शब्द कोणता? माझे मत ‘रूपविकार’. ‘विकार’ म्हटले की हृदयविकार आठवतो हे मला माहीत आहे. पण हाच शब्द मुले शाळेच्या व्याकरणात शिकून आलेली असतात: विकारी शब्द आणि अविकारी शब्द. ‘मासा’चे ‘माशाला’ होते, ‘मासे’ होते. लिंग, वचन, विभक्ती बदलली की रूप बदलते, आणि शब्द आजारी पडला असे कोणी म्हणत नाही. ‘आणि’, ‘पण’ ही अव्यये कुठेही ठेवा, बदलत नाहीत. आधी ‘रूप’ जोडले की दवाखान्याचा अर्थ दूर राहतो आणि व्याकरणाचा पुढे येतो. या निवडीचा खरा फायदा वेगळाच आहे. इंग्रजीत ज्याला रिजिड म्हणतात, धक्का दिला तरी जे तेच राहते, त्याला आपल्याकडे ‘अविकारी’ हा तयार शब्द मिळतो. वरचे समतोल बंडल अविकारी. अंश १ आणि −१ चे विकारी. वाक्य मराठीत आपोआप बसते.

‘विचलन’ सांख्यिकीने घेतले आहे, ‘रूपांतर’ फारच ढोबळ. त्यांचा विचार सोडून द्यावा.

आता बीजगणिती पद्धतींकडे. इथे मुलांना मराठीत सांगण्यासारखे खूप आहे. गुळगुळीत बंडलावर होलोमॉर्फिक रचना देणे म्हणजे डी-बार नावाचा एक कारक (ऑपरेटर) निवडणे, ज्याचा वर्ग शून्य आहे. रूपविकार करायचा म्हणजे त्या कारकात ‘अ’ ही मॅट्रिक्स-रूपी भर घालायची. नव्या कारकाचा वर्गही शून्य हवा, म्हणून डी-बारने ‘अ’वर केलेली क्रिया अधिक ‘अ’चा ‘अ’शी गुणाकार मिळून शून्य व्हायला पाहिजे. याला माउरर–कार्टान समीकरण म्हणतात. भूमितीचा सगळा प्रश्न या एका वर्गसमीकरणात येऊन बसतो. ‘अ’ इतका लहान धरला की त्याचा वर्ग सोडून द्यावा, तर उरते एकरेषीय समीकरण, आणि त्याची खरोखर वेगळी उत्तरे म्हणजे बंडलाच्या एंडोमॉर्फिझमांचा (बंडलाला स्वतःवरच नेणाऱ्या रेषीय फलनांचा) पहिला कोहोमॉलॉजी गट. वरच्या समतोल बंडलासाठी हा गट शून्य आहे, म्हणून ते अविकारी. अंश १ आणि −१ च्या बंडलासाठी तो एकमितीय आहे, आणि ती एक मिती म्हणजेच आपला ‘ट’.

बीजगणित हे सोडून देणे फार प्रामाणिकपणे करते. ज्याचा वर्ग शून्य पण जो स्वतः शून्य नाही असा एक घटक संख्यांमध्ये मिसळायचा आणि त्या संख्यांवर बंडल लिहायचे. मग घन शून्य असलेला घटक घ्यायचा, मग चौथा घात, अशा पायऱ्या चढत जायचे. श्लेसिंगर यांनी १९६८ मध्ये या पायऱ्यांचे शास्त्र बांधले. पोंभुर्ल्याच्या, म्हणजे आपल्याच देवगड तालुक्यातल्या, बाळशास्त्री जांभेकरांनी एकोणिसाव्या शतकात कलनावरच्या मराठी पुस्तकासाठी ‘शून्यलब्धि’ हा शब्द घेतला होता. पुढे ‘कलन’ रूढ झाले आणि तो मागे पडला. वर्ग शून्य असलेल्या या घटकाच्या जोरावर जे हाती लागते, त्याला मला तो शब्द पुन्हा वापरावासा वाटतो. व्याख्यानात एकदा तरी उच्चारा. मुलांना कळू द्या की या किनाऱ्यावर उच्च गणित मराठीत लिहिण्याला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

पायरी चढताना जे आडवे येते, ते दुसऱ्या कोहोमॉलॉजी गटात राहते. इंग्रजी ‘ऑब्स्ट्रक्शन’साठी कोणी ‘बाधा’ लिहितात. आपल्याकडे बाधा म्हटले की लोक देवस्कीचा विचार करतात, तेव्हा ‘अडसर’ बरा. रीमान पृष्ठ (गोलासारखे, पण भोके असू शकणारे पृष्ठ) संमिश्र अर्थाने एकमितीय असल्याने तिथे दुसरा गट शून्यच असतो, अडसर कधी येत नाही. म्हणूनच तिथे स्थिर बंडलांचे (ज्यांच्या आतल्या कोणत्याही लहान बंडलाचा अंश भागिले रँक मूळ बंडलापेक्षा कमी असतो त्यांचे) रूपविकार मोजता येतात: रँक ‘न’ आणि भोके ‘ग’ (किमान २) असतील तर न²(ग − १) + १ मिती. दोन भोके, रँक २, तर पाच. याच स्थिर बंडलांवर नरसिंहन आणि शेषाद्री यांनी १९६५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जे प्रमेय सिद्ध केले, त्याच्या मूळ सिद्धतेत रूपविकारांचाच आधार होता. ते काम मुंबईत, समुद्राकाठी झाले, हेही मुलांना आवडेल.

‘बंडल’ ठेवावे. ‘जुडी’, ‘मोळी’, ‘पुंज’ यांत सगळे एका जागी बांधलेले असते. इथे बांधलेले काहीच नाही. पृष्ठाच्या प्रत्येक बिंदूवर एक स्वतंत्र सदिश अवकाश उभे असते. तरव्याची मूठ नव्हे, तर लावणी झालेले खाचर: प्रत्येक रोप आपल्या जागी, तरी ओळ एक. ‘बंडल मारणे’ मुलांना आठवेल, पण शब्द नपुंसकलिंगी आहे, रुळलेला आहे आणि विभक्ती बिनतक्रार घेतो. ते बंडल, बंडलाचा, बंडलांवर. ‘व्हेक्टर’ मात्र बदलून ‘सदिश बंडल’ म्हणा, कारण ‘सदिश’ मुलांना शाळेपासून ठाऊक आहे. ‘होलोमॉर्फिक’ला अजून मनासारखा शब्द नाही, तो आहे तसा घ्या आणि पहिल्यांदा येईल तिथे त्याचा अर्थ एका पूर्ण वाक्यात सांगा.