तीन घरांची मुभा, पण चटईक्षेत्र एकाच घराचे

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत मिनिआपोलिस येथे राहते. स्वतंत्र घरांच्या वस्तीतही एका भूखंडावर तीन घरे बांधण्याची मुभा त्या शहराने दिल्याचे वाचले होते. परंतु तिच्या गल्लीत तसे एकही बांधकाम दिसत नाही. हा नियम न्यायालयात अडकला आहे काय? – एक वाचक, पुणे

उत्तर : न्यायालयीन वाद झाला हे खरे. शहराने डिसेंबर २०१८ मध्ये मंजूर केलेल्या आराखड्याला राज्याच्या पर्यावरणविषयक कायद्याचा आधार घेऊन आव्हान देण्यात आले, मध्यंतरी त्याची अंमलबजावणीही थांबली आणि अखेर २०२४ मध्ये विधिमंडळाने कायदा करून तो अडथळा दूर केला. मात्र आपल्या मुलीच्या गल्लीतील शांततेचे कारण बहुधा तेथे नसून, आपल्याकडच्या कोणत्याही बांधकाम व्यावसायिकाने पहिल्याच भेटीत विचारला असता त्या प्रश्नात आहे : एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट एकूण बांधकाम करता येते) किती?

२०२० मध्ये नियम लागू झाला तेव्हा घर एक असो वा तीन, चटईक्षेत्राची मर्यादा साधारणपणे भूखंडाच्या निम्मीच राहिली. म्हणजे ५,००० चौरस फुटांच्या भूखंडावर २,५०० चौरस फूट बांधकाम. त्यात तीन कुटुंबे बसवायची तर जिने आणि भिंती धरूनही प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ८३० चौरस फूट येतात. शिवाय अमेरिकेत दोनपर्यंत घरांच्या इमारतीला निवासी बांधकामाची सोपी संहिता लागू होते, तर तिसरे घर जोडताच मोठ्या इमारतींची, अग्निसुरक्षेच्या अधिक खर्चिक अटी असलेली संहिता लागू होते. असा हिशेब मांडल्यावर चांगले उभे घर पाडायला कोण धजावेल? शहरात नवी घरे पुष्कळ झाली, पण ती मुख्यतः रहदारीच्या रस्त्यांलगतच्या मोठ्या इमारतींत.

ऑरेगन राज्यातील पोर्टलंडने ही गोम ओळखली, असे मला वाटते. ऑगस्ट २०२१ पासून तेथे घरांच्या संख्येबरोबर चटईक्षेत्रही वाढते. एका प्रचलित निवासी विभागात एका घराला ०.५, दोन घरांना ०.६, तर तीन किंवा अधिक घरांना ०.७. त्याच ५,००० चौरस फुटांवर मग ३,५०० चौरस फूट मिळतात.

आपल्या मुलीस स्वतःच्या भूखंडाबाबत उत्सुकता असल्यास तिने घरांच्या संख्येआधी त्या विभागाची सध्याची चटईक्षेत्र मर्यादा शहराच्या नियोजन विभागाकडे विचारावी.