पहिल्या तासाचं गणित

“मॅडम, शाळाच बेकार आहे का हो? पोरीला दापोलीत इंग्लिश मीडियमला घालू? बचत गटाचं कर्ज मिळतंय.”

हर्णैजवळच्या एका गावातली ही आई. मुलगी सातवीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. दिवाळीपासून गणितात घसरलेली. किनारपट्टीवर हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतंच.

मुलीला मी वेळापत्रक आखून दिलं: पहाटे साडेचारला उठून गणित. आम्हा समुपदेशकांची ही खोडच. ती खाली बघत म्हणाली, “पहाटे आई नसते. भाऊ उठतो.”

मग कालचा अख्खा दिवस तिच्याकडून वदवून घेतला. बाप ट्रॉलरवर खलाशी, आठ-आठ दिवस समुद्रात. आई साडेतीनला कोळंबी सोलायला जाते, अकराला परतते. मजुरी किलोवर, म्हणून काम सोडून लवकर येता येत नाही. (आईची बोटं बर्फाने पांढरी पडलेली, टोकं चिरलेली, पर्सची चेन ती दातांनी उघडत होती.) तोवर तीन वर्षांचा भाऊ हिच्या कडेवर. आई आली की ही पळत शाळेत. पहिला तास रोज गणिताचा! हजेरीपटावर मात्र ती रोज हजर, कारण उशिरा आलेल्या पोराला गुरुजी गैरहजर मांडत नाहीत. चांगुलपणाच तो, पण त्यामुळे बुडालेला तास कागदावर कुठेच दिसत नाही. दिसतात फक्त मार्क, आणि नाव शाळेचं खराब होतं.

आईला म्हटलं, “ताई, कर्ज काढू नका. शाळेची व्हॅन दापोलीची असली तरी भाऊ तिच्याच कडेवर राहणार. शिवाय फी भरायची जूनमध्ये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा हप्ता कुठून फेडाल? इथे आठवीपर्यंत पुस्तकं तरी फुकट आहेत.”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “शेजारणीची पोरं टाय लावून जातात हो.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गुरुजींनी गणित तिसऱ्या तासाला नेलं. भाऊ शाळेशेजारच्या अंगणवाडीत जाऊ लागला. रडतो, म्हणून ही दहा मिनिटं त्याच्याजवळ बसते. अपूर्णांक आता जमतात.

गेल्या आठवड्यात भेटली तेव्हा जरा फुरंगटलेली होती. पहिल्या तासाला आता चित्रकला असते, आणि चित्रकला तिला आवडते.