अंक फोडू नकोस

बडोदे,
श्रावण शुद्ध पंचमी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. मूळ फोटो चिकटवलेला जुन्या मासिकाचा पूर्ण अंक परवडत नसेल तर त्यातले तीन फोटो सोडवून देतो, असे तो विक्रेता म्हणतो आणि निदान फोटो तरी घ्यावेत का, असे तू विचारतोस. घेऊ नकोस. पैसे साठव, नाहीतर तो अंक दुसऱ्या कुणाच्या घरी अखंड जाऊ दे. गिऱ्हाईक मिळाले नाही तर तो ब्लेड लावणारही नाही.

फोटो आणि मजकूर या अंकांत एकमेकांना धरून असतात. एका पानावर दरवाजाचा फोटो, समोरच्या पानावर तो कुठल्या गावचा, कोणी बांधला, फोटो घेतला तेव्हा त्याचा कोणता भाग पडलेला होता. फोटो सोडवला की उरतो फक्त ‘गुजरातेतील एक जुना दरवाजा’. मग कुणीतरी अंदाजाने त्याखाली डभोईच्या हिरा भागोळीचे नाव लिहितो, पुढचा ते खरे मानतो आणि काही वर्षांनी ते नाव पुस्तकात छापून येते. फोटो गेलेला अंकही पांगळाच होतो. मजकूर म्हणतो ‘सोबतच्या चित्रात दिसणारी कमान’ आणि समोर खळीचा पिवळा चौकोन. दोन्ही वस्तू एकदम निकामी करणारा हा व्यवहार आहे. तुझ्या उत्साहाला माझे पूर्ण आशीर्वाद आहेत, पण त्यात तू भागीदार होऊ नयेस, असे मला मनापासून वाटते.

असे अंक मुळातच इतके थोडे का, तेही नीट समजून घे. हाफटोनचा, म्हणजे फोटो बारीक ठिपक्यांत शाईने छापणारा, ब्लॉक येण्यापूर्वी फोटो आणि अक्षरे एकाच यंत्रावर एकत्र छापता येत नसत. म्हणून मजकूर छापखान्यात छापायचा आणि फोटोचा प्रत्येक छाप वेगळा काढायचा. ब्लांकार-एव्हरार या फ्रेंच गृहस्थाने १८५० मध्ये अल्ब्युमेनचा कागद पुढे आणला आणि पुढची चाळीसेक वर्षे बहुतेक काम त्याच कागदावर झाले. पातळ कागदाला अंड्याच्या पांढऱ्याचा लेप, त्यावर चांदीचे क्षार, मग काचेच्या निगेटिव्हखाली चौकटीत दाबून तो उन्हात ठेवायचा. छाप उमटला की धुवायचा, सोन्याच्या द्रावणात रंग पक्का करायचा, हायपोत, म्हणजे छाप टिकवणाऱ्या द्रावणात, बुडवायचा, पुन्हा भरपूर धुवायचा, कापायचा आणि पानावर चिकटवायचा, कारण तो पातळ कागद सुटा ठेवला की वळतो. आता हिशेब कर. अंकाच्या दोनशे प्रती आणि प्रत्येकीत तीन फोटो म्हणजे सहाशे वेळा हे सगळे करायचे. आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात तर ऊनच नाही. असली मासिके फार वर्षे चालली नाहीत, यात नवल ते काय?

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी तिच्या कार्यकारी मंडळात होते. त्याच वातावरणात जॉन्सन आणि हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात ‘इंडियन अ‍ॅमेच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक काढले. त्याच्या अंकात मुंबईकडची माणसे आणि वास्तू यांचे मूळ फोटो चिकटवलेले, सोबत छापील वर्णन. आपल्या भागातल्या अशा प्रकाशनांचा विचार मी तिथूनच सुरू करतो. पुढे १८६९ मध्ये जेम्स बर्जेस यांनी पालिताण्याजवळच्या शत्रुंजयाच्या देवळांवर मूळ फोटो लावलेला ग्रंथ काढला आणि १८७२ मध्ये मुंबईतून ‘इंडियन अँटिक्वेरी’ हे पुरातत्त्वाचे मासिक सुरू केले. या दोन्ही गोष्टी लायब्ररीत बसून पाहून ठेव. विकत घ्यायची घाई नको, आधी नजर तयार होऊ दे.

नजर तयार करायची म्हणजे काय ते सांगतो. दहापट मोठे दाखवणारे भिंग सतत खिशात ठेव. फोटोवर धरल्यावर सारख्या अंतरावरचे ठिपके दिसले, तर तो हाफटोन, म्हणजे शाईने छापलेला. बारीक सुरकुत्यांसारखी वेडीवाकडी जाळी दिसली, तर कोलोटाइप, तोही शाईचाच. ठिपका नाही, जाळी नाही, वर किंचित चकाकी, उजळ भाग पिवळट झालेले आणि खालून कागदाचे तंतू जाणवतात, असे असेल तर बहुधा अल्ब्युमेन. त्याहून जुना मिठाचा कागद, म्हणजे अंड्याच्या लेपाऐवजी मिठाच्या पाण्यात भिजवून तयार केलेला, असेल तर चकाकी नसते, चित्र कागदात मुरल्यासारखे दिसते. यात एक फसवणारा प्रकार आहे, वुडबरीटाइप. १८६४ च्या पेटंटचा हा प्रकार शिशाच्या साच्यातून, रंग मिसळलेल्या जिलेटिनने छापत. त्यात ठिपका नसतो, तो चिकटवलेलाही असतो, म्हणून विक्रेते त्याला बेधडक मूळ फोटो म्हणतात. पान तिरके धरून बघ. गडद भाग अगदी किंचित वर आलेले दिसतील आणि उजळ भाग पिवळे पडलेले नसतील. वुडबरीटाइप निघाला म्हणून अंक टाकून देऊ नकोस, तो सुंदरच असतो. फक्त चांदीच्या छापाचे पैसे त्याला देऊ नकोस.

फोटो फिका दिसला म्हणून लगेच नाक मुरडू नकोस. १८४६ मध्ये लंडनच्या ‘आर्ट युनियन’ मासिकाने टॅलबट या इंग्रज संशोधकाच्या पद्धतीचे मूळ छाप आपल्या हजारो प्रतींना लावले. एवढे छाप घाईने काढले, धुणे पुरेसे झाले नाही आणि त्यातले कितीतरी लवकरच विटले. फिकेपणा कधी मालकाच्या हयगयीचा असतो, कधी जन्माचा. जन्माचा असेल तर तोही त्या अंकाच्या इतिहासाचा भाग आहे. स्कॅनमध्ये रंग सुधारून घे, पण मूळ पानाला हात लावू नकोस.

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे. या अंकांची दुसरी प्रत म्हणजे नक्कल नव्हे. छाप एकेक करून काढलेले असल्यामुळे काच फुटली, निगेटिव्ह खराब झाली, तर उरलेल्या प्रतींना त्याच जागेचा दुसऱ्या वेळी घेतलेला फोटो लावत. एकीत देवळाच्या पायरीवर माणूस उभा, दुसरीत पायरी रिकामी. म्हणून ‘हा अंक आहे माझ्याकडे’ असे म्हणून दुसरी प्रत नाकारण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून पाहा. समोरच्या पानावरही बघ. चिकटवलेला फोटो वर्षानुवर्षे दाबून राहिला की समोर त्याच मापाची पिवळसर सावली पडते. सावली एका मापाची आणि फोटो दुसऱ्या मापाचा असेल, तर तो फोटो नंतर कुणीतरी आणून लावला आहे.

कव्हरही जप. बांधीव खंड करताना बाइंडर बहुतेक वेळा कव्हरे आणि जाहिरातींची पाने काढून टाकत आणि नेमके तिथेच वर्गणीचे दर, छापखान्याचे नाव, फोटो कोणी घेतले, ‘पुढील अंकी’ काय येणार, हे असे. कव्हरासह सुटा, थोडा फाटका अंक आणि सोनेरी कण्याचा बिनकव्हरचा खंड यांत निवडायची वेळ आली, तर फाटका घे.

मराठीबद्दल तुला खोटी आशा लावत नाही. पुण्याहून १८७८ पासून निघालेले ‘काव्येतिहाससंग्रह’ हे पत्रे, बखरी, कविता यांचे मासिक आहे, फोटोंचे नाही. पारसनिसांचे ‘इतिहाससंग्रह’ १९०८ चे आणि पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याचे ‘चित्रमय जगत्’ १९१० चे, म्हणजे दोन्ही ब्लॉकच्या जमान्यातली. पण तेवढ्यावरून हाफटोनला कमी लेखू नकोस. आपल्या गावाचा त्यात वाटा आहे. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये इथे कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची संस्था सुरू झाली आणि फोटोग्राफी व छपाईच्या नव्या पद्धती शिकायला दादासाहेब फाळके तिथेच आले होते. शिवाय मूळ काच फुटून गेली असेल तर एखाद्या वाड्याचे उरलेले एकमेव रूप ठिपक्यांतच असू शकते. १९१२ पासून बडोद्याहून निघालेले ‘लायब्ररी मिसेलनी’ इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत होते. त्याचे अंक मिळतील तसे घे. सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालय चळवळीचा इतिहास त्यात घडत असताना लिहिला गेला आहे आणि इथल्या मुलाने तो न जमवला तर कोणी जमवायचा?

जुन्या मराठी अंकावर कित्येकदा फक्त शक असतो. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो, पौषापासून पुढचे महिने असतील तर एकोणऐंशी. इथल्या गुजराती छपाईत विक्रम संवत असतो आणि तो कार्तिकात बदलतो, हे विसरू नकोस.

विकत घेताना ग्रंथालयाचा शिक्का आधी बघ. शिक्का आहे आणि ‘रद्द’ केल्याची खूण नाही, तर अंक कितीही दुर्मिळ असो, परत ठेव आणि शक्य असेल तर त्या ग्रंथालयाला कळव. परदेशातल्या कुणाशी अदलाबदल करायची हौस असेल, तर १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याची माहिती आधी करून घे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर त्यात बंधने आहेत.

आणि पाऊस. २०१९ आणि २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी लोकांच्या घरांत शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांचे काय झाले ते तू पाहिलेच आहेस. अंक वरच्या मजल्यावर, आतल्या भिंतीच्या खोलीत आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेव. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर मुळीच नको, बाजारातले मऊ प्लास्टिकचे फोल्डरही नकोत. आम्लविरहित कागदाचे पाकीट, त्यावर खोका, अंक आडवा. कसर खळीच्या वासाने येते आणि चिकटवलेल्या फोटोखाली बहुधा खळच असते, तेव्हा पावसाळाभर दर आठवड्याला खोका उघडून बघ. जुनी माणसे पोथ्यांच्या रुमालात वेखंड ठेवत, तू ते खोक्याशेजारी ठेव, पानांना लागू देऊ नकोस. उन्हात वाळवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. ओलीसारखाच प्रकाशही फोटोचा शत्रू आहे.

प्रत्येक अंकाबरोबर एक चिठ्ठी हवी. कुणाकडून आला, कुठल्या घरातून, कधी, काय दिले, कोणते फोटो आहेत आणि कोणते गहाळ. पेन्सिलने आणि वेगळ्या कागदावर. स्वतःचे नाव अंकावर घालायचा मोह होतो, तो आवर.

शुक्रवारीच्या जुन्या बाजारात आणि ऑनलाइन लिलावात तू रमतोस ते ठीक आहे, पण आपले खरे काम दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात आहे. मराठी कुटुंबांचे वाडे विकले जात आहेत, पणजोबा दरबारी नोकरीत होते आणि माळ्यावर ट्रंका आहेत. घरातल्या मुलांना मोडी येत नाही, मराठीही जेमतेम, त्यामुळे ट्रंक थेट पस्तीवाल्याकडे, म्हणजे रद्दीत, जाते. दिवाळीची साफसफाई सुरू व्हायला अजून अवकाश आहे. त्याआधी तू आणि मी चार घरी जाऊ. विकत मागायचे नाही, आधी नुसते पाहू द्या म्हणायचे, तिथेच बसून यादी करायची आणि यादीची एक प्रत त्या घरी द्यायची. अंक त्यांनी ठेवले तर उत्तम. द्यायचे ठरवले तर सगळे एकत्र द्या, एवढेच सांगायचे. तुला कोणता रविवार सोयीचा आहे ते कळव, म्हणजे मी त्यांना फोन करून ठेवतो. भिंग घेऊन ये, आणि पेन्सिली.

तुझा,
काका