स्कड १८ वर पहिल्यांदा बसताना

बोट उलटेल ही धास्ती आधी मनातून काढा. स्कड १८ ही दोघांची शिडाची बोट, अपंग खेळाडूंनाही बसून चालवता येते. तिच्या कीलला, म्हणजे तळाखाली पाण्यात उतरलेल्या उभ्या पात्याला, खाली बल्बच्या आकाराचं जड वजन आहे. ती कलते, पण पुन्हा सावरते. २००८ ते २०१६ च्या पॅरालिंपिकमध्ये दोघांच्या शर्यती हिच्यावरच व्हायच्या.

खरा वेळ सीटला द्या. बोट धक्क्याला बांधलेली असतानाच बसून बघा: पट्टा आवळल्यावर कंबर सरकते का, मांडीखाली कपड्याची घडी येते का? संवेदना नसलेल्या त्वचेला घासून जखम झाली तरी कळत नाही, म्हणून गादीच्या बाबतीत तडजोड अजिबात नको. पट्टा एका हाताने झटकन सुटलाच पाहिजे, आणि तो सोडणं सोबत्यालाही जमलं पाहिजे.

हातात जोर कमी असेल तर सर्वो मोटर, म्हणजे सुकाणू आणि शिडाच्या दोऱ्या हलवायला मदत करणारी विजेची मोटर, बसवता येते. स्पिनेकर, म्हणजे पुढे लावायचं मोठं फुगणारं शीड, मात्र सध्या पिशवीतच राहू द्या.