गणपतीला गावच्या घरी तीस-पस्तीस माणसांचा स्वयंपाक असताना आगीपासून काय काळजी घ्यावी?

तुम्ही विचारलंय की, कुडाळजवळचं सासरचं कौलारू घर वर्षभर बंद असतं, यंदा गणपतीचे पाच दिवस तिथे तीस-पस्तीस माणसं असतील आणि स्वयंपाकघर पहिल्यांदाच तुमच्या हातात आहे, तर आगीच्या दृष्टीने काय बघावं? फायर एक्स्टिंग्विशर घ्यावा का?

मी मालवण तालुक्यातली, चोवीस वर्षं गणपतीचा स्वयंपाक करतेय. सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, बाकी काही जमलं नाही तरी ही करा. आरती सुरू झाली की गॅस बंद. बारीक नव्हे, बंद.

कारण आमच्याकडे हेच झालं होतं. सहा वर्षांपूर्वी, दुसऱ्या दिवशी दुपारी. काळ्या वाटाण्याचं सांबारं उतरलं होतं, वडे तळणं चालू होतं. लोट्यावर, म्हणजे ओटीवर, झांजा वाजल्या आणि 'एकच आरती घेऊन येतो' म्हणत आम्ही तिघी बाहेर गेलो. एकीला वाटलं दुसरीने गॅस बारीक केलाय. आमच्या घरी एक आरती कधी एक नसते, पाच-सहा होतात, वर मंत्रपुष्पांजली. मी तीर्थाचं भांडं न्यायला आत आले तर कढईतून निळसर धूर निघत होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत भक् करून तेल पेटलं. खालची ज्योत तेलाला लागली नव्हती. तेल ठरावीक मर्यादेपलीकडे तापलं की आपोआप पेट घेतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ज्वाळा वाशांच्या दिशेने हातभर वर गेल्या. मागून काकी कळशी घेऊन धावल्या, "पेटला गो, पेटला!" करत. जाऊबाईंनी त्यांचा हात धरला, "पाणी नको गो घालू!" आणि मोदकपात्राचं झाकण बाजूने सरकवत कढईवर घातलं. मी गॅस बंद केला. आग झाकणाखालीच विझली.

त्या कळशीचं पाणी कढईत गेलं असतं तर? पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला जातं, तिथे क्षणात वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ साधारण सतराशे लिटर जागा मागते. ती वाफ पेटतं तेल घेऊन उसळते. वर लाकडी वासे आणि रिपा, माळ्यावर सुकी सोडणं आणि चुडतं, म्हणजे नारळाच्या साली आणि झावळ्या. आग विझवणारा बंब नगरपरिषदेच्या गावातून निघणार, पावसात आमच्या पाणंदीतून आत शिरणार कसा? वाडीतल्या घराला पहिली पाच मिनिटं आपली आपणच काढायची असतात.

म्हणून कढईपेक्षा मोठं, सपाट, कोरडं धातूचं झाकण किंवा परात तळणाच्या वेळी हाताशी ठेवा. तेल पेटलं तर झाकण वरून आपटू नका, आपल्या बाजूने पुढे सरकवा, गॅस बंद करा आणि अर्धा तास तरी उघडून बघू नका, हवा लागली की पुन्हा पेटतं. पेटलेली कढई उचलून खळ्यात, म्हणजे अंगणात न्यायला तर कुणालाच देऊ नका. कढई निम्म्याच्या वर भरायची नाही, धूर दिसला की लगेच आच बंद. तळणाऱ्या बाईला त्या वेळी दुसरं काम सांगायचं नाही. पदर खोचलेला, आणि शक्यतो सुती साडी.

आता बंद घराचं. उंदीर गॅसची रबरी नळी कुरतडतात, म्हणून गेल्या गेल्या ती पूर्ण लांबीभर हाताने चाचपून बघा. नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली की बदलायची. जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती आहे. सिलिंडर उभाच ठेवायचा, शेगडी त्याच्याहून उंचावर. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. त्यामुळे वास आला तर दारं उघडा, रेग्युलेटर बंद करा, आणि दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका, ठिणगी पडते. बाहेर येऊन १९०६ वर फोन करा. आग लागली तर १०१ किंवा ११२.

वायरिंग वायरमनकडून एकदा बघून घ्याच. पावसाळ्यात भिंती ओल धरतात. एकाच एक्स्टेंशनवर रोषणाई, मिक्सर आणि पाण्याची किटली असा भार टाकू नका. बोर्डाला हात लावून गरम लागला तर काहीतरी काढा. गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळीतच ती तापते.

समईबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण ती रात्रभर असते. माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला, बांधलेले टाळ (पानांच्या डहाळ्या) आणि तेरडा, हरणं अशी रानफुलं दोन दिवसांत सुकतात, त्यात कागदाची फुलं आणि पडदे. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८पासून बंदी आहे, तरी जुनं मखर माळ्यावरून खाली येतंच. ते जळताना वितळून थेंब पडतात. आम्ही समई वाळू घातलेल्या पितळी परातीत ठेवतो, माटवीच्या खाली नाही, बाजूला. भजन संपून सगळे पडवीत आडवे झाले की जागं कोण राहणार हे ठरलेलं असतं. कापूर जळत असलेलं ताट मुलांच्या हातात देत नाही.

कुणाला भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही नको. बांगड्या, अंगठी सूज यायच्या आत काढा. मोठं भाजलं असेल तर १०८.

एक्स्टिंग्विशर घ्या, एबीसी पावडरचा. शेगडीच्या वर नव्हे, दाराजवळ टांगा, काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते बघा. तेलाच्या कढईला मात्र झाकणच. जवळून पावडरचा फवारा मारला तर तेल उडतं.

नळी आणि वायरिंगचं काम चतुर्थीच्या दोन आठवडे आधी उरकून घ्या. सणाच्या आठवड्यात आमच्याकडे ना गॅसचा मेकॅनिक मोकळा असतो, ना वायरमन.