रेकॉर्ड केलेले कार्यक्रम पेनड्राइव्हवर घेताना : जागेचा प्रश्न वेगळा, कुलपाचा वेगळा

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. टीव्हीच्या रेकॉर्डरवर, म्हणजे कार्यक्रम साठवून ठेवणाऱ्या सेटटॉप बॉक्सवर, असलेला चार तासांचा संगीत समारोह ६४ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर जात नाही, मध्येच 'जागा अपुरी' असं सांगून कॉपी थांबते. छोटे कार्यक्रम कॉपी होतात, पण लॅपटॉपवर उघडत नाहीत. आणि ज्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर टीव्हीनेच थेट रेकॉर्डिंग केलं होतं, तो लॅपटॉपला लावला की 'फॉरमॅट करा' अशी सूचना येते. त्यात रेकॉर्डर लवकरच परत करायचा आहे. या तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून एकच उपाय सगळीकडे लावायला जाऊ नका.

आधी तिसरा प्रश्न, कारण तिथे एक बटण चुकीचं दाबलं की सगळं जाईल. ती सूचना आली की 'रद्द करा' दाबा आणि पेनड्राइव्ह काढून ठेवा. तो बिघडलेला नाही. टीव्हीच्या आत बहुतेक वेळा लिनक्सच चालू असतं आणि रेकॉर्डिंगसाठी टीव्ही पेनड्राइव्ह स्वतःच्या सोयीने फॉरमॅट करून घेतो, एक्सएफएस किंवा फायली मांडण्याच्या तसल्याच एखाद्या पद्धतीने. विंडोजला ती वाचता येत नाही, म्हणून ते 'ही डिस्क कोरी दिसते' असं धरून चालतं. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (लॅपटॉपवर काही न बसवता थेट चालणाऱ्या लिनक्सवरून) लॅपटॉप सुरू केलात तर फायली दिसतील. पण त्या चालतील याची आशा फारशी धरू नका. टीव्हीवर थेट केलेलं रेकॉर्डिंग बहुतेक कंपन्या त्याच टीव्हीला बांधून ठेवतात. त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या टीव्हीवरही ते चालत नाही. इतकंच काय, त्याच टीव्हीचा मदरबोर्ड बदलला तरी जुनं रेकॉर्डिंग मुकं होऊ शकतं. त्यामुळे तो पेनड्राइव्ह त्या टीव्हीपाशीच राहू द्या आणि जे बघायचं ते तिथेच बघून घ्या.

आता मोठ्या फाइलचा प्रश्न. 'जागा अपुरी' ही सूचना दिशाभूल करणारी आहे. पेनड्राइव्हवर जागा भरपूर आहे, पण तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असणार. या पद्धतीत एक फाइल जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइटची असू शकते, म्हणजे बोलीभाषेत ४ जीबी. एचडी वाहिनीचा प्रवाह सेकंदाला ८ मेगाबिट धरला तर सेकंदाला १ मेगाबाइट होतो आणि तासाला ३.६ जीबी. म्हणजे साधारण ७१ मिनिटांनंतर एफएटी३२ हात वर करतं. तुमचा चार तासांचा समारोह १४ जीबीच्या वर जातो, तो तसा बसणारच नाही. एसडी वाहिनीचं रेकॉर्डिंग याच्या निम्म्याच्या आसपास असतं, म्हणून तिथे दोन तासांचा चित्रपटही बिनबोभाट निघून जातो आणि माणूस गोंधळतो की कालपर्यंत तर होत होतं.

उपाय म्हणून सगळेजण एक्सफॅट सुचवतात, म्हणजे मोठ्या फायली चालणारी फॉरमॅटची दुसरी पद्धत. लॅपटॉपच्या बाजूने ते योग्यच आहे. पण रेकॉर्डर जुना असेल तर त्याला एक्सफॅट कळेलच असं नाही. मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचा तपशील २०१९ मध्ये खुला केला आणि त्याच वर्षी लिनक्सच्या ५.४ आवृत्तीत त्याचा आधार आला. त्याआधीच्या यंत्रांत तो हवा असेल तर कंपनीला वेगळा परवाना घ्यावा लागे, आणि बऱ्याच जणांनी तो घेतलाच नाही. म्हणून क्रमाने करून बघा : आधी एनटीएफएस (विंडोजची स्वतःची पद्धत), मग एक्सफॅट, आणि दोन्ही ओळखले नाहीत तर रेकॉर्डरच्याच मेनूतून पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. रेकॉर्डरने तो ईएक्सटी३ किंवा ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतींत केला तर बिघडत नाही, वर सांगितलेल्या लाइव्ह लिनक्सवरून तो सहज वाचता येतो. फॉरमॅट करताना पेनड्राइव्हच्या विभाजनाची पद्धत एमबीआर, म्हणजे जुनी, ठेवा. जीपीटी या नव्या पद्धतीने केलेला पेनड्राइव्ह टीव्ही-सेटटॉपच्या जगात बऱ्याचदा दिसतच नाही, आणि माणूस उगाच पोर्टला दोष देत बसतो.

काही बॉक्स ४ जीबी झाले की आपणहून पुढचा तुकडा सुरू करतात. असे तुकडे मिळाले तर घाबरायचं कारण नाही, ते एकामागे एक चिकटवले की मूळ फाइल जशीच्या तशी परत मिळते. विंडोजच्या कमांड खिडकीत कॉपीला बायनरीचा पर्याय देऊन, किंवा लिनक्समध्ये कॅट या आज्ञेने, हे सरळ होतं. फक्त क्रम स्वतः लिहून द्या. संगणकाच्या यादीत १ नंतर १० येतो आणि मग २, हे विसरलात तर कार्यक्रमाचा शेवट मध्यावर येतो.

आता मुख्य मुद्दा, कुलपाचा. तुमचे छोटे कार्यक्रम नीट कॉपी झाले, तरी उघडत नाहीत. इथे दोन शक्यता आहेत. एक म्हणजे फाइल धडधाकट आहे, पण लॅपटॉपवरच्या प्लेअरला तिचा प्रकार कळत नाही. दुसरी म्हणजे फाइल एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद, आहे आणि तिची किल्ली रेकॉर्डरच्या चिपमध्ये आहे. पहिली असेल तर पाच मिनिटांचं काम. दुसरी असेल तर कोणताही कन्व्हर्टर, कितीही पैसे मोजून घेतला, तरी काही करू शकत नाही. 'कोणतीही फाइल एमपी४ करा' असं सांगणारी सॉफ्टवेअर उतरवत बसण्याआधी हे तपासा.

व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये फाइल टाकून बघणं ही पहिली परीक्षा. तिचं एक्स्टेन्शन काहीतरी चमत्कारिक असेल तर कॉपीची कॉपी करून तिला टीएस असं नाव द्या आणि परत बघा. तरीही काळा पडदा असेल तर हेक्स व्ह्यूअरमध्ये उघडा, म्हणजे फाइलचा प्रत्येक बाइट ० ते ९ आणि ए ते एफ यांतल्या दोन अंकांत दाखवणाऱ्या साधनात. हे ऐकायला अवघड वाटतं, पण बघायचं फार थोडं असतं. टीव्हीचं प्रसारण १८८ बाइटच्या पॅकेटांतून येतं आणि प्रत्येक पॅकेटचा पहिला बाइट ४७ असतो, हेक्समधला ४७. व्ह्यूअरमध्ये ओळीची रुंदी १८८ करा. फाइल साधी ट्रान्सपोर्ट स्ट्रीम (अशा पॅकेटांची सलग फाइल, म्हणजेच टीएस) असेल तर एका स्तंभात ४७, ४७, ४७ अशी उभी रांग लागते. रांग तिरकी दिसली तर रुंदी १९२ करून बघा, कारण काही यंत्रं प्रत्येक पॅकेटापुढे वेळेचे ४ बाइट जोडतात. कुठल्याच रुंदीत रांग लागत नसेल आणि सगळीकडे नुसता गोंधळ असेल, तर अख्खी फाइलच कुलूपबंद आहे.

रांग लागली म्हणजे सुटलो, असंही नाही. ४७ पासून मोजून चौथा बाइट बघा. त्याचा पहिला अंक १ किंवा ३ असेल, अधूनमधून २, तर पॅकेट उघडं आहे. तिथे ९, बी, डी किंवा एफ दिसलं तर पॅकेटाचा माथा उघडा पण आतला माल स्क्रॅम्बल केलेला आहे. एकदोन ओळी बघून निकाल देऊ नका. वाहिनीची माहिती देणारी पॅकेटं कुलूपबंद फाइलमध्येही उघडीच ठेवलेली असतात. शे-दोनशे ओळींवरून नजर फिरवा. बहुसंख्य ओळींत १ आणि ३ असतील तर फाइल चांगली आहे आणि दोष प्लेअरचा आहे.

फाइल कुलूपबंद निघाली तरी लगेच आशा सोडू नका, कारण कुलूप कधी लागतं आणि कधी निघतं हे यंत्रागणिक बदलतं. प्रसारणासोबत कॉपीबद्दलची एक खूण येते. तिच्या चार पायऱ्या असतात : मोकळी कॉपी, एकच पिढी कॉपी (मूळावरून एकदाच), आता पुढे कॉपी नाही, आणि कधीच कॉपी नाही. काही रेकॉर्डर आतल्या डिस्कवर सगळंच एन्क्रिप्ट करून ठेवतात, पण त्यांच्याच मेनूतून 'यूएसबीवर कॉपी' केलं की मोकळी खूण असलेले कार्यक्रम कुलूप काढून बाहेर देतात. म्हणूनच 'रेकॉर्डर खोला, हार्ड डिस्क काढा आणि संगणकाला जोडा' हा सल्ला मला पटत नाही. तो हमखास कोणीतरी देतो. त्यात जे मेनूतून उघडं मिळालं असतं तेही तुम्ही कुलूपबंद अवस्थेत उचलता, आणि परत करायच्या यंत्राचं सील तुटतं ते वेगळंच. तुम्ही कॉपी कोणत्या वाटेने केलीत ते लिहिलेलं नाही. मेनूतून केली नसेल तर आधी तशी करून बघा.

दुसरी वाट घरच्या नेटवर्कची. रेकॉर्डरमध्ये डीएलएनए किंवा मीडिया सर्व्हर असा (घरातल्या दुसऱ्या यंत्रांना कार्यक्रम दाखवण्याचा) पर्याय असेल तर चालू करा आणि लॅपटॉपवर व्हीएलसीच्या नेटवर्क यादीत तो दिसतो का पाहा. पेनड्राइव्हवर कुलूपबंद जाणारा कार्यक्रम नेटवर्कवर उघडा मिळाल्याची उदाहरणं आहेत, कारण समोरच्या प्लेअरला दाखवायचं तर रेकॉर्डरला तो आधी स्वतः उघडावा लागतो. आणखी एक वाट आहे ती रेकॉर्डरवर कार्यक्रम चालवून बाहेर पडणारं चित्र पुन्हा रेकॉर्ड करण्याची. एचडीएमआयवर एचडीसीपी हे कॉपी रोखणारं कुलूप असतं, त्यामुळे सरळमार्गी कॅप्चर कार्डाला तिथे बहुतेक काळा पडदाच मिळेल. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांचं जुनं आउटपुट असेल तर त्यातून मिळतं, पण एसडी दर्जाचं, आणि चार तासांच्या कार्यक्रमाला चार तास लागतात. कुलूप फोडण्याची साधनं मी सुचवणार नाही. बऱ्याच देशांत स्वतः बघण्यासाठी रेकॉर्ड करणं चालतं, पण कुलूप तोडणं हा वेगळा गुन्हा ठरतो.

फाइल उघडी निघाली तर पुढचं सोपं आहे. तिला पुन्हा एन्कोड करत बसू नका. त्यात तासन् तास जातात आणि चित्र थोडं तरी खराब होतंच. एफएफएमपेग या मोफत साधनाला कोडेकच्या (चित्र-आवाज दाबण्याच्या पद्धतीच्या) जागी 'कॉपी' सांगा आणि टीएसमधून एमकेव्ही या फाइल-प्रकारात हलवा, किंवा एमकेव्हीटूलनिक्स वापरा. डबा बदलतो, आतलं चित्र-आवाज तेच राहतं, आणि मिनिटाभराचं काम असतं. एमपी४ ऐवजी एमकेव्ही अशासाठी, की प्रसारणातला एमपी२ आवाज आणि चित्ररूपातली सबटायटल्स एमपी४ मध्ये धड बसत नाहीत. जाहिराती कापायला अ‍ॅव्हिडेमक्स किंवा लॉसलेसकट आहे. विनाएन्कोड कापताना काप की-फ्रेमवरच (अधूनमधून येणाऱ्या पूर्ण चित्रावरच) बसतो, त्यामुळे सेकंदभर इकडेतिकडे होणार, ते चालवून घ्या. जागेसाठी एन्कोड करावंच लागलं तर हँडब्रेक या साधनात डीइंटरलेस (एकाआड एक ओळींत आलेलं चित्र सलग करण्याची सोय) चालू आहे ना ते बघा. नाहीतर हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्याचे दाते फुटतात आणि ते पुढे कशानेही जात नाहीत.

कॉपी चालू असताना रेकॉर्डरला दुसरं काम देऊ नका. ठरवून ठेवलेलं एखादं रेकॉर्डिंग मध्येच सुरू झालं तर काही यंत्रं कॉपी गुपचूप सोडून देतात. काही तास रिमोट हलला नाही की बॉक्स आपोआप स्टँडबायला जातो, ती सोयही तेवढ्यापुरती बंद करा. वेळ किती लागेल ते पेनड्राइव्हच्या लिहिण्याच्या वेगावर ठरतं, डब्यावर छापलेल्या यूएसबी ३ च्या आकड्यावर नाही. साधा पेनड्राइव्ह सेकंदाला ६ मेगाबाइट लिहीत असेल तर तासाभराच्या एचडी कार्यक्रमाला दहा मिनिटं धरा. तुमच्या समारोहाला चाळीस मिनिटं तरी लागतील. पट्टी शंभर टक्क्यांवर गेल्यावरही मेनूतून 'सुरक्षित काढा' केल्याशिवाय ओढू नका, शेवटचा भाग कधीकधी मेमरीतून लिहिला जायचा राहिलेला असतो.

पेनड्राइव्ह नवा आणि अनोळखी बनावटीचा असेल तर आधी त्याची क्षमता तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ ही साधनं तो काठोकाठ भरून परत वाचून बघतात. बनावट पेनड्राइव्हवर फायलींची नावं आणि आकार अगदी बरोबर दिसतात, आत मात्र काही नसतं. आणि खरा असला तरी पेनड्राइव्ह हे नेण्या-आणण्याचं साधन आहे, साठवणीचं नाही. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलेल्या फ्लॅश मेमरीतला विद्युतभार झिरपत जातो. लॅपटॉपवर उतरवा, तिथून एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणखी एक प्रत ठेवा. ती हार्ड डिस्क थेट रेकॉर्डरला लावणार असाल तर लक्षात घ्या, यूएसबी २ पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअरच देतो. डिस्क टकटक आवाज करत पुन्हापुन्हा सुरू होत असेल तर स्वतःची वीज असलेला हब मध्ये लावा.

रेकॉर्डर परत करायचा असल्यामुळे सगळं एका दमात हलवायला जाऊ नका. पाच-दहा मिनिटांचं एक छोटं रेकॉर्डिंग घ्या आणि ते मेनूतून पेनड्राइव्हवर, तिथून लॅपटॉपवर, तिथून एमकेव्हीपर्यंत न्या. सुरुवात, मधला भाग आणि शेवट लावून बघा. ते जमलं की मगच बाकीच्या कार्यक्रमांची कॉपी सुरू करा. एकाच वाहिनीवर भरवसा ठेवू नका, कॉपीची खूण वाहिनीनुसार, कधी कार्यक्रमानुसारही वेगळी असते. प्रत्येक वाहिनीचा एकेक नमुना घ्या. रेकॉर्डरवरची मूळ फाइल, लॅपटॉपवरची प्रत शेवटपर्यंत चालते हे बघितल्याशिवाय पुसू नका.

आणि यादी करताना आधी ते घ्या जे दुसरीकडे कुठेच मिळणार नाही : घरचं कोणी कार्यक्रमात दिसलेलं, जुन्या मुलाखती, एकदाच झालेले समारोह. मालिका आणि चित्रपट बहुतेक कुठे ना कुठे ऑनलाइन सापडतात, त्यांच्यावर हातातले दिवस खर्च करू नका. समारोहाची फाइल कुलूपबंद निघाली आणि नेटवर्कनेही उघडी मिळाली नाही, तर पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वाटेसाठी एक अख्खी संध्याकाळ आत्ताच राखून ठेवा. रेकॉर्डरचं मॉडेल, पेनड्राइव्हवर आलेल्या फाइलचं एक्स्टेन्शन आणि तो चौथा बाइट काय दिसतो, एवढं कळवा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.